ब्रॅकेटवरचा सातवा ठिपका

सुहासिनी मयेकरांना सख्खी भाची एकही नाही, म्हणून इंग्लंडात स्लाऊपासून रीडिंगपर्यंतच्या सगळ्या मराठी बायका त्यांना मावशी म्हणतात. त्यातली गाडी असलेली आणि तोंडावर नाही म्हणता न येणारी भाची म्हणजे मी, चैत्राली. रीडिंगला एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. माझं डोकं पटकन तापतं आणि तापलं की मी मागचा-पुढचा विचार करत नाही. हे माझा नवरा अनुप तुम्हाला सांगेलच, म्हणून मीच आधी सांगून टाकते.

दर नारळी पौर्णिमेला मावशींना समुद्रावर न्यायची ड्यूटी माझ्याकडे असते. मावशी मूळच्या मालवणच्या, वडील मासेमारीच्या मचव्यावर तांडेल. समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय कोकणातल्या बाईला चैन पडणार नाही, अशी आमची सगळ्यांची समजूत. आता स्लाऊला समुद्र कुठून आणायचा? मग सुट्टी टाका, मावशींना उचला, एम-थ्री हायवे धरा आणि पोर्ट्समथ गाठा. मी एकदा म्हटलं होतं, "मावशी, थेम्स आहे की जवळ. पाणी शेवटी समुद्रालाच जाऊन मिळतं." त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेनं बघितलं की हायवेवरच्या पुढच्या थांब्याला मी मुकाट्यानं कॉफी आणून दिली.

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही नेहमीप्रमाणे गेलो. मावशींचा थाट ठरलेला: काठाची साडी, वर अनोरॅकचं जाकीट, पायात ट्रेनर्स बूट. नारळाला हळद-कुंकू लावून त्यांनी तो माझ्या हातात दिला. बॉलिंग माझी, प्रार्थना त्यांची, अशी वाटणी आहे. मी जोर लावून फेकला आणि कुणाचा तरी लॅब्राडोर धावत पाण्यात शिरला, नारळ तोंडात धरून आला आणि मावशींच्या पायाशी ठेवून शेपटी हलवत उभा राहिला. मी परत फेकला, त्यानं परत आणला. मी त्या कुत्र्याच्या मालकाला चार शब्द सुनावायला निघाले तेव्हा मावशी हसून हसून वाकल्या होत्या. शेवटी मालकानं कुत्र्याला पट्टा घातला आणि आमचा नारळ एकदाचा पोचला.

तेवढ्यात बंदरातून एक अवाढव्य जहाज बाहेर आलं. विमानवाहू जहाज टीव्हीवर बघणं वेगळं. समोरून गेलं तेव्हा पलीकडचा किनारा दिसेनासा झाला, इतकं ते लांबलचक. किनाऱ्यावरच्या सगळ्यांनी फोन वर केले. मावशींनी हात जोडले. त्यांचे ओठ हलत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मी चक्रावले. "मावशी, अहो, ते ब्रिटिश नेव्हीचं आहे. आपला काय संबंध?"

"आहे," त्या म्हणाल्या. "माझा आहे. बस इथे, सांगते. कुठे बोलणार नाही अशी सही केली होती, म्हणून इतकी वर्षं बोलले नाही. पण आता मला पकडायला कोण येतंय, ते तरी बघू."

मग बाकावर बसून, गरम चिप्सचा पुडा दोघींच्या मध्ये ठेवून, मावशींनी मला जे सांगितलं ते त्यांनी त्यांच्या नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

मावशी लग्न होऊन स्लाऊला आल्या तेव्हा विशीतल्या होत्या. त्यांचे यजमान विष्णूकाका, जे आता नाहीत, तेव्हा एका इंजिनिअरिंग कंपनीच्या स्टोअरमध्ये होते. त्या कंपनीचं नाव मावशी अजून घेत नाहीत, मीही घेत नाही. इंग्लिश जेमतेम, थंडी मरणाची, घरात दिवसभर एकटीनं करायचं काय? त्यांच्या ट्रंकेत इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेचं सर्टिफिकेट होतं, बी ग्रेडचं. काकांनी ते कंपनीत नेऊन दाखवलं. साहेबाला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण त्यानं मावशींना बोलावून हातात पेन दिलं आणि एक वर्तुळ काढायला सांगितलं. मावशींनी काढलं. दुसऱ्या आठवड्यापासून त्या ट्रेसर झाल्या.

ट्रेसर म्हणजे काय, ते मलाही माहीत नव्हतं. ड्राफ्ट्समन लोक यंत्राच्या भागाचं चित्र पेन्सिलीनं कागदावर काढायचे. त्यावर निळसर, खळ दिलेलं पातळ कापड ताणून बसवायचं आणि खालची प्रत्येक रेघ काळ्या शाईनं वर उतरवायची, हे ट्रेसर मुलींचं काम. त्या कापडावरून मग छापाच्या प्रती निघायच्या आणि त्या कारखान्यात जायच्या. ड्राफ्ट्समन सगळे पुरुष, पुढच्या हॉलमध्ये. ट्रेसर सगळ्या मुली, मागच्या खोलीत. नियम एकच: जे दिसतं ते उतरवायचं, डोकं चालवायचं नाही.

"रेघ ओढताना श्वास धरायचा," मावशी म्हणाल्या. "रेघ संपली की सोडायचा. संध्याकाळी घरी येताना मला वाटायचं, आज मी काहीतरी केलं. खराब झालेलं कापड आम्ही घरी न्यायचो. गरम पाण्यात घातलं की खळ निघून जायची आणि आतून इतका मऊ सुती कपडा निघायचा की काय सांगू. माझ्या संदीपची झबली त्याचीच होती, नंतर शिवलेली." सांगताना त्यांचे हात आपोआप चालत होते, पट्टी धरावी तसे.

ते काम जहाजांचं होतं, विमानं उतरतात त्या जहाजांचं. विमान डेकवर उतरलं की त्याच्या शेपटीचा आकडा आडव्या बांधलेल्या तारेच्या दोरात अडकतो आणि दोर त्याला खेचून थांबवतो. तो दोर ज्या कप्पीवरून धावतो, तिला धरून ठेवणारा एक जाड लोखंडी ब्रॅकेट. जहाजावर अशा भागांचे स्पेअर आधीपासूनच ठेवावे लागतात, कारण भर समुद्रात काही मोडलं तर दुकान कुठे शोधणार? तर त्या स्पेअरचं ड्रॉइंग मावशींच्या टेबलावर आलं.

ब्रॅकेटच्या डाव्या अंगाला बोल्टसाठी सात भोकं होती आणि उजव्या अंगाला सहा.

"मी बघतच राहिले," मावशी म्हणाल्या. "अगं, लहानपणापासून रोज अंगणात ठिपक्यांची रांगोळी घालणारी मी. एका ओळीत सात आणि समोरच्या ओळीत सहा? असं कुठे असतं? ठिपका सुटला की आई मागून टपली मारायची. आणि जिथे सातवा ठिपका हवा, बरोब्बर तिथेच कागदावर एक करडा गोल डाग होता. मला वाटलं, काढलेलं पुसट झालंय. मी कंपास घेतला आणि झोकात सातवं भोक काढलं, मधली फुली मारून."

ड्रॉइंग तपासणाऱ्या चेकरनं सही केली आणि प्रती गेल्या.

महिन्याभरानं चहाच्या सुट्टीत एक ड्राफ्ट्समन दुसऱ्या पोराला काहीतरी समजावत होता. रॉन नावाचा, सारखी सिगरेट ओढणारा. मावशी कप विसळत होत्या. तो म्हणत होता, त्या ब्रॅकेटचा एक कोपरा मी मुद्दाम भरीव ठेवलाय, सगळा हिसका तिथेच बसतो. तिथे भोक पाडलं तर एखाद्या दिवशी कागद फाटावा तसा फाटेल आणि विमान गेलं पाण्यात.

मावशींच्या हातातला कप सिंकमध्ये पडला.

"मग सांगायचं ना," मी म्हणाले. माझं डोकं तापायला लागलं होतं. "जाऊन सांगायचं, की चुकलं."

"कुणाला? कुठल्या भाषेत? त्या खोलीत सावळी मी एकटी. यांची नोकरी तिथेच. काढून टाकलं असतं तर दोघंही रस्त्यावर. आणि नेव्हीचं काम, सही केलेली. पोलीस येतील, परत पाठवतील, असलं काय काय डोक्यात. रात्रभर झोप नाही. पुढच्या आठवड्यात मी नोकरी सोडली. ह्यांना सांगितलं, थंडी सोसत नाही."

त्यानंतर मावशींनी ट्रेडिंग इस्टेटमध्ये, म्हणजे स्लाऊच्या कारखान्यांच्या वसाहतीत, पॅकिंगची नोकरी धरली आणि रिटायर होईपर्यंत खोक्यांत डबे भरले. पेन पुन्हा हातात धरलं नाही. संदीपला शाळेत भूमितीची आकृती काढून हवी असायची तेव्हासुद्धा, बाबांकडे जा म्हणायच्या. टीव्हीवर विमानवाहू जहाज दिसलं की उठून स्वयंपाकघरात जायच्या. आणि दर नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ. मालवणसाठी नव्हे, त्या जहाजावरच्या पोरांसाठी. बाबा रे, माझ्या भोकापायी कुणाला नेऊ नकोस.

"आणि नेलं असेल तर?" त्या मला विचारत होत्या, जसं काही मला माहीत असणार. "चैत्राली, मी आता किती दिवसांची. मला फक्त एवढंच कळायला हवंय. कुणी मेलं का माझ्यामुळे?"

चिप्स गार होऊन गेल्या.

घरी आल्यावर मात्र मी कामाला लागले. आपल्या एका बाईनं साठ वर्षं हे एकटीनं सोसलं आणि आपण दर वर्षी तिला समुद्रावर नेऊन वर थेम्सचे विनोद करत होतो, या विचारानं मला स्वतःचाच राग आला होता. फेसबुकवर स्लाऊच्या जुन्या कामगारांचा ग्रुप आहे. तिथे मी लिहिलं, साठच्या दशकात अमुक रस्त्यावरच्या कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसमध्ये कुणी होतं का. चौथ्या दिवशी एका बाईचा मेसेज आला: माझे वडील होते. नव्वदीचे आहेत, मेडनहेडला वृद्धांच्या केअर होममध्ये असतात, डोकं शाबूत आहे, जुन्या गोष्टी ऐकायला कुणी येत असेल तर आनंदच होईल. नाव, रॉन टिपेट.

मावशींना सांगितलं तर त्या आधी नाहीच म्हणाल्या. मग दोन दिवसांनी त्यांचाच फोन. "कधी जायचं?"

मेडनहेडला जाताना गाडीत त्या एकच इंग्लिश वाक्य पुटपुटत होत्या, पाठांतराला बसल्यासारख्या. साडी चांगल्यातली होती, बांगड्याही घातल्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, कोर्टात निघालात की लग्नाला?" त्या हसल्या नाहीत, ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागल्या.

रॉन खिडकीशी बसलेला होता. उंच, वाळलेला म्हातारा, कानात मशीन. मुलगी शेजारी होती. मावशी समोर जाऊन उभ्या राहिल्या तसं त्यानं डोळे बारीक केले आणि म्हणाला, "सू. मागच्या खोलीतली. तुझा हात फार स्वच्छ होता."

तिकडे त्यांना सू म्हणत, हे मला तेव्हा कळलं. मावशींचं पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. त्या खुर्चीवर बसल्या आणि तुटक इंग्लिशमध्ये, मध्येच मराठीत, मी जोड देत, सगळं सांगितलं. सात आणि सहा, करडा डाग, चहाच्या वेळचं त्याचं बोलणं. शेवटी त्यांनी विचारलं, "त्या जहाजावर कुणी मेलं का?"

रॉननं कानातलं मशीन नीट बसवलं. मग विचारलं, "जाड दोराचा ब्रॅकेट होता ना? मनगटाएवढा बोल्ट?"

"हो."

"मग तो मोठ्या जहाजाचा." आणि तो हसला, पण हसण्यात काही राम नव्हता. त्यानं सांगितलं ते असं. अमेरिकेनं अवाढव्य विमानवाहू जहाजं बांधायला सुरुवात केली होती, जड जेट विमानांसाठी. इंग्लंडलाही तसं एक हवं होतं. जुन्या जहाजांचे भाग त्याला चालणार नव्हते, सगळं नव्यानं आखायचं होतं, दोर, कप्प्या, ब्रॅकेट आणि त्यांचे स्पेअरसुद्धा. रॉनची ऐन उमेदीची वर्षं त्यात गेली. आणि सहासष्टच्या फेब्रुवारीत सरकारनं ते जहाजच रद्द केलं.

"रद्द म्हणजे?" मावशींनी मला मराठीत विचारलं.

"म्हणजे बांधलंच नाही, मावशी."

"एक पत्रासुद्धा कापला नाही," रॉन म्हणाला. "तुझा ब्रॅकेट कधी ओतलाच गेला नाही, सू. त्या दोरावर कधी विमान उतरलं नाही. जहाजच नव्हतं. आम्ही सगळे त्या दिवशी पबमध्ये जाऊन रडलो." त्याच्या डोळ्यांत अजूनही पाणी आलं होतं. मावशींच्याही. दोघं एकाच गोष्टीसाठी रडत होते, पण त्याचं सगळं बुडालं होतं आणि मावशींची मान सुटली होती.

मावशींनी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. कुणीच नाही? नक्की? दुसऱ्या जहाजावर तर नाही ना बसवला? रॉन दर वेळी तितक्याच शांतपणे सांगत राहिला, दुसऱ्या कुठल्या जहाजावर तो बसलाच नसता. चौथ्यांदा ऐकल्यावर मावशींनी डोळे मिटले आणि पाठ खुर्चीला टेकवली. केअर होममध्ये शिरल्यापासून त्या पहिल्यांदा टेकल्या होत्या.

तिथेच उठलो असतो तर बरं झालं असतं. पण रॉन गप्पांच्या भुकेला होता, आणि भला माणूस होता.

"तो डाग माझाच असणार," तो म्हणाला. "सिगरेटची राख. कागदाला नेहमी पडायची, मी नुसता झटकून टाकायचो. तू तेव्हाच येऊन का नाही सांगितलंस? कापडावरची शाई ब्लेडनं खरवडली की निघते. पाच मिनिटांचं काम. आम्ही सगळेच खरवडायचो. प्रती परत मागवायच्या, नव्या पाठवायच्या, झालं. माझीच कितीतरी ड्रॉइंग तीन-तीनदा बदलून गेली आहेत. तेवढ्यासाठी कुणाला काढलं नाही कधी."

मावशी ऐकत होत्या. मी त्याला डोळ्यांनी खुणावत होते, की बास. त्याचं लक्ष नव्हतं.

"तू अचानक गेलीस तेव्हा हेड ट्रेसर फार चिडली होती. जहाज गेल्यावर दुसरं काम आलं, पंपांचं. चांगल्या हाताच्या तीन मुलींना त्यांनी पुढच्या हॉलमध्ये घेतलं, ड्राफ्ट्सवुमन म्हणून. कॉलेजला पाठवलं कंपनीच्या खर्चानं. तिच्या मनात पहिलं नाव तुझं होतं."

मावशी म्हणाल्या, "थँक यू, रॉन." उभ्या राहिल्या, त्याचा हात दोन्ही हातांत धरला, आणि आम्ही निघालो.

गाडीत मी जी सुरू झाले ती थांबेना. एका माणसानं, एका तरी माणसानं त्या पोरीला नीट विचारलं असतं की बाई, का जातेस? चेकर काय झोपा काढत होता? सही करायचा पगार घेत होता ना? चूक झाली तर काय करायचं, हे नवीन माणसाला पहिल्या दिवशी सांगायची पद्धत नव्हती का? आमच्या ऑफिसात रोज शंभर चुका निघतात, कुणी तोंड लपवून पळून जात नाही. स्टिअरिंगवर हात आपटत मी बोलत होते आणि मागचा लॉरीवाला हॉर्न देत होता.

"गप्प बस आणि समोर बघ," मावशी म्हणाल्या. आवाज शांत होता. "अगं, सोन्यासारखी बातमी आहे. कुणाच्या आईला माझ्यामुळे तार गेली नाही. आणखी काय हवं मला?"

मी म्हटलं, "हो, मावशी."

"ह्यांना सांगायला हवं होतं," त्या थोड्या वेळानं म्हणाल्या. "हे हसले असते." मग स्लाऊ येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

घरी पोचलो. त्यांनी कुलूप काढलं, दिवा लावला, चपला काढल्या, आणि कोट न काढताच पॅसेजमध्ये उभ्या राहिल्या. मला वाटलं गुडघा धरला असेल. मी किटली लावायला पुढे निघाले तर त्यांनी माझी बाही पकडली. इतक्या वर्षांत मावशी माझ्याशी कधी मालवणीत बोलल्या नव्हत्या.

"चैत्राली," त्या म्हणाल्या, "ता काम माका खूप आवडायचा गो."

आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. मी त्यांना धरून उभी राहिले. राग करायला आता कुणी उरलं नव्हतं, म्हणून मीही रडले.